अळणी लाकूड

गुणाजी मिस्त्रीला लाकूड चाटायची खोड होती. थट्टा करत नाही, खरंच चाटायचा. मी रेवदंड्याच्या बंदर कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो ते १९५५ साली. मी कऱ्हाडकडचा, देशावरचा माणूस. पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर कृष्णेचं, एवढीच माझी समज. पोहता येत नव्हतं आणि होडीत पाय ठेवला की दोन्ही हातांनी काठ धरून बसायचो. अशा माणसाला सरकारनं मचव्यांची, म्हणजे मोठ्या शिडाच्या होड्यांची, नोंद ठेवायला बसवलं! पहिल्याच आठवड्यात खाडीच्या काठी एक पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस जुन्या फळीला जीभ लावताना दिसला आणि मला वाटलं, झालं, गावात वेडाही आहे.

"कशी लागते हो?" मी खोडसाळपणे विचारलं.

"खारी हाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "म्हंजे टिकंल. मीठ मुरल्यालं लाकूड लवकर कुजत न्हाय. गोडं पानी मुरलं का गेलं." आणि ती फळी माझ्यापुढे धरली. "बघा की."

मी चाटली नाही. ब्राह्मणाचा मुलगा, कचेरीचा कोट अंगात. पण संध्याकाळी घरी जाताना सारखं मनात येत राहिलं, खरंच कशी लागत असेल? दुसऱ्या दिवशी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून एका मोडक्या होडीला जीभ लावून आलो. तेव्हापासून आमची दोस्ती.

गुणाजी चौलच्या सुतारांपैकी. बापाकडे लाकूड तासायचा वाकस धरायला शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी मुंबईला माझगावच्या गोदीत गेला. सहा वर्षं राहिला आणि परत आला. का आलात म्हटलं तर म्हणायचा, "तिथं एक जन खिळं मारतो, एक जन फळ्या तासतो, आख्खी बोट कुनालाच दिसत न्हाय." त्याला आख्खी बघायची असे. माझ्या कचेरीतलं घड्याळ मागे पडायचं, तर एका दुपारी त्यानं ते उघडून माझ्या टेबलावर मांडलं. चौदा तुकडे मी मोजले. परत जोडल्यावर ते पुढे पडायला लागलं, ही गोष्ट वेगळी. त्याची बायको नीराबाई म्हणायची, "ह्यांना ताट वाढलं तरी आदी पाटाचा सांधा बघत्यात. भात निवून जातो."

पण या माणसाच्या मनात एक सल होता आणि तो त्यानं नीरावहिनींखेरीज फक्त मला सांगितला होता. उभ्या आयुष्यात त्यानं स्वतःच्या हातानं, कण्यापासून, एकच मोठा मचवा बांधला होता, १९३१ साली. त्याचं नाव 'हिंगुळजा'. पुढे मोठी कामं मुरुडच्या मिस्त्रीकडे जायला लागली आणि याच्या वाट्याला डागडुजी नि छोट्या होड्या आल्या. १९५७ साली कोळीवाड्यात सोसायटी निघाली. सगळ्यांचा मिळून एक मोठा मचवा बांधायचा असं ठरलं आणि गुणाजीचा जीव त्या मचव्यात अडकला. साठीला आलो, म्हणायचा, आता एक मोठा हातून झाला म्हणजे झालं. सोसायटीतलं बहुतेक मत त्याच्याच बाजूनं होतं.

आणि नेमकी त्याच वैशाखात 'हिंगुळजा' पाणी घेऊन आली.

तिचा मालक हरेश्वर, तिशीतला कोळी, तापट पण सरळ. सुक्या मासळीचा माल मुंबईला भाऊच्या धक्क्यावर पोचवून परत येताना कोर्लईच्या टोकाशी मचवा खडकाला घासला होता. तेव्हापासून दोन माणसं सारखी पाणी उपसत होती, तेव्हा कुठे तो खाडीत शिरला. भरतीला तो वाळूवर ओढून घेतला, दोन्ही बाजूंना टेकू लावले आणि सारा कोळीवाडा तळ बघायला वाकला. मीही वाकलो. पावसाळ्यानंतर तो समुद्रात न्यायला लायक आहे की नाही हे मलाच लिहायचं होतं.

मचव्याच्या तळाला पुढून मागे एक जाडजूड लाकूड जातं, तोच त्याचा कणा. पुढे समुद्र कापत जाणारी, वर उचललेली बाजू म्हणजे नाळ. कण्याचं लाकूड आणि नाळेचं लाकूड जिथे भेटतात तिथे दोन्ही तिरकी कापून, हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी बसवलेली असतात. खडक लागला होता तो त्या सांध्याच्या थोडा मागे. कण्यावर वीतभर ओरखडा होता.

"खडकाचंच हाय," कोणीतरी म्हणालं.

गुणाजीनं ते कानाआड केलं. त्यानं कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि वाळूत आडवा पडून एक डोळा मिटून पाहिलं. कणा वाकलेला नव्हता. मग लाकडी हातोडी घेऊन तो इंचाइंचाला ठोकत सुटला. कान लावायचा, ठोकायचा, पुन्हा कान लावायचा. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. ओरखड्यावर त्यानं दाभण टोचलं, ते कणभरही आत गेलं नाही.

"खडकानं फकस्त साल काढलंय," तो म्हणाला. "पानी ओता."

ही युक्ती मला फार आवडली. समुद्रात असताना पाणी बाहेरून आत येतं, ते कुठून येतं हे दिसत नाही. पण वाळूवर चढवलेल्या मचव्याच्या पोटात पाणी भरलं की ते आतून बाहेर येतं आणि आपली वाट स्वतःच दाखवतं! खाडीचं पाणी घागरींनी भरलं. गुणाजी खाली उकिडवा बसला, हातात गेरूचा खडा. पाचेक मिनिटांनी पहिला थेंब पडला. मग दुसरा. दोन्ही नाळेच्या सांध्यातून.

गुणाजीनं तिथे गेरूची खूण केली. तो सांधा त्यानं स्वतः केला होता.

हरेश्वर मोठ्यानंच म्हणाला, सगळ्यांच्या देखत, "काका, खडक तर मागं लागला. सांधा पुढं उघडला. म्हंजे सांधाच कच्चा होता."

"सव्वीस वर्सं चालला की रे," गुणाजी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नव्या मचव्याला असाच सांधा करनार?"

हरेश्वरचं सोसायटीत वजन होतं. दोन दिवसांत बोलणं फिरलं. मुरुडच्या मिस्त्रीला बोलावणं धाडावं असं लोक उघड म्हणायला लागले, फक्त 'हिंगुळजा'चं काय निघतं ते बघून, नारळी पौर्णिमेनंतर. मला हरेश्वरचा राग आला. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा मला उत्सुकताच जास्त होती. सव्वीस वर्षं धरलेला सांधा आताच का सुटावा?

पाऊस लागला. मचवा झापांनी शाकारला होता आणि त्या झावळ्यांच्या छपराखाली गुणाजी रोज काम करायचा. मी कचेरी सुटली की तिथेच. लांब खिळे एकेक करून निघाले आणि सांधा उघडला. बाहेरच्या बाजूचं लाकूड कसं होतं म्हणता? सोन्यासारखं. वाकस मारला की खणखणत होतं. आतली, वरची बाजू मात्र काळी, मऊ, बोटानं उकरावी अशी.

"समुद्राची कीड भायेरून खाती," गुणाजी पुटपुटला. "हे आतून कसं?"

त्यानं त्या काळ्या भागाची एक ढलपी काढली आणि सवयीनं जिभेला लावली. मग माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं याला काही झालं.

"कारकून, हे अळनी हाय!"

शेजारची ढलपी खारट. मागची खारट. फळ्या खारट. सबंध मचवा मिठाचा आणि हातभर जागा तेवढी अळणी. या वेळी मी आढेवेढे न घेता चाटली. खरंच, मिठाचा मागमूस नव्हता. म्हणजे या एका जागी वर्षानुवर्षं गोडं पाणी मुरत होतं. पण मचव्यात गोडं पाणी येणार कुठून? आम्ही दोघं हेरांसारखे मागे लागलो. पावसाचं म्हणावं तर वरचं छप्पर गळत नव्हतं आणि दर साली शाकारणी होत होती. पिण्याच्या पाण्याचं पिंप मागे, सुकाणूजवळ. ते गळलं तरी पाणी चढून पुढे कसं येईल? गुणाजीला जेवण सुचेना. नीरावहिनी माझ्यावर चिडल्या, म्हणाल्या, तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी शहाण्यासारखं वागा.

दोन दिवसांनी त्याला आणखी एक गोष्ट सापडली. मचव्याच्या पोटात साचलेलं पाणी उपसायच्या जागेकडे वाहून जावं म्हणून आतल्या आडव्या लाकडांना खाली छोटी भोकं ठेवलेली असतात. नाळेजवळचं भोक बुजलं होतं. दाभणानं उकरलं तर काळा चिखल निघाला. त्यात देठं होती, आणि हळदीचा पिवळा रंग लाकडाच्या रेषांत उतरलेला होता.

"फुलं," मी म्हणालो.

गुणाजी एकदम खाली बसला. त्याला कळलं होतं. मला कळलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं.

स्वराज्य मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. हरेश्वरचा बाप दादू मुंबईहून मचवा घेऊन येत होता, बरोबर हरेश्वर, तेव्हा विशीचा. खांदेरीच्या आसपास वारा पडला. शीड लोंबकळत राहिलं. दादूला ताप भरला आणि पिण्याचं पाणी संपलं. दोन दिवस मचवा जागचा हलला नाही. सगळीकडे पाणीच पाणी, आणि बाप नाळेशी डोकं टेकून पाणी मागतोय, आणि मुलाकडे द्यायला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा दादू गेला होता. तेव्हापासून त्याची बायको भागुबाई, मचवा परत आला की विहिरीच्या गोड्या पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि त्याचं डोकं होतं त्या जागी ओतायची. दोन फुलं, चिमूटभर हळद. नऊ वर्षं. सगळा कोळीवाडा ते बघत होता आणि त्यानं लाकूड कुजतंय हे कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं. फुलांनी भोक बुजवलं आणि पाणी तिथेच साचून सांध्यात उतरत गेलं.

"म्हणजे तुमचा सांधा खरा!" मी ओरडलोच. "मिस्त्री, सुटलात! चला, आत्ता हरेश्वरला सांगू."

त्याचाही चेहरा क्षणभर उजळला. हातातल्या ढलपीकडे बघून तो लहान मुलासारखा हसला, म्हणाला, "बघा, माझी बाजू कशी खनखनीत हाय!" आणि मग हसू मावळलं.

"काय सांगू? तुझ्या आयनं तुझ्या बापाचा मचवा कुजवला?"

मी म्हटलं, खरं ते खरं. तो म्हणाला, खरंच आहे, पण त्या बाईकडे दुसरं काय आहे? मी म्हटलं, तुमचं नाव जातंय, नवा मचवा जातोय. तो उठून वाकसाला धार लावायला लागला. मी चिडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी हरेश्वर आला आणि त्यानं विचारलं, "काय निघालं काका?"

"सांधाच," गुणाजी म्हणाला. "माजीच चूक. तवा नवीन हात होता. आता नीट करून देतो."

हरेश्वर आल्या पावली परत गेला. मी गुणाजीशी तीन दिवस बोललो नाही. मला त्याच्या चांगुलपणाचा संताप आला होता. चांगुलपणा करावा, पण इतका? शिवाय त्यानं काही साधलंही नसतं. बाई पाणी ओतणारच, आणि नवं लाकूडही कुजणारच. चौथ्या दिवशी हे त्याला ऐकवायलाच गेलो. तेव्हा तो अलिबागच्या तांबटाकडून आणलेली तांब्याची एक वाटी हातात फिरवत होता. वाटीच्या बुडाला बोटाएवढी नळी जोडलेली.

"रागावू नका," तो म्हणाला. "त्याचीच वाट काडतोय."

कुजका भाग त्यानं सगळा कापून टाकला. सांध्याच्या पोटात, मचवा बांधताना घातलेला, भागुबाईच्या मंगळसूत्रातला सोन्याचा मणी निघाला. नव्या मचव्याच्या सांध्यात घरधनिणीचं एवढंसं सोनं ठेवायची रीत आहे. तो धुऊन त्यानं नीरावहिनींच्या डबीत ठेवला. मग सागाचा नवा तुकडा बसवायला घेतला. ते मी जन्मात विसरणार नाही. जुन्या लाकडावर गेरू फासायचा, नवा तुकडा दाबून बसवायचा, काढायचा. जिथे लाल लागलं तिथे लाकूड टेकतंय, तेवढंच केसभर तासायचं. पुन्हा गेरू, पुन्हा दाबायचं. अकरा दिवस हेच चाललं होतं. शेवटच्या दिवशी तुकडा काढला तर सबंध तोंडावर सारखा लाल रंग होता, एकही जागा कोरी नाही. मणी परत आत गेला, राळेत भिजवलेला कापूस भरला, खिळे बसले. पोटात पुन्हा पाणी ओतून आम्ही दोघं खाली तासभर बसलो. एक थेंब आला नाही. माझ्या नोंदवहीत मी 'लायक' लिहिलं ते इतक्या जोरात की निब वाकलं.

ती तांब्याची वाटी त्यानं त्याच जागी, पण नाळेच्या आतल्या अंगाला दीड हात वर बसवली, आणि नळी फळीतून बाहेर काढली. मचवा भरलेला असला तरी समुद्राचं पाणी पोचणार नाही इतकी वर.

नारळी पौर्णिमेला सकाळी 'हिंगुळजा' फुलांच्या माळा घालून भरतीची वाट बघत वाळूवर उभी होती. सगळा कोळीवाडा जमला होता. भागुबाई तांब्या घेऊन आली. गुणाजीनं तिला हात देऊन वर घेतलं आणि वाटी दाखवली.

"वयनी, आतापासून हितं ओता."

"का रं? जागा का बदलली?"

"खाली नवा सांधा हाय. जरा सांभाळलेला बरा."

भागुबाई जन्मभर लाकडात आणि पाण्यात वावरलेली बाई. ती वाटीकडे बघत राहिली, मग नळीकडे. मग गुडघे टेकून खाली वाकली आणि पूर्वी ओतायची त्या जागेवरून हात फिरवला. तिचं बोट त्या मोकळ्या केलेल्या भोकाशी जाऊन थांबलं.

"जुना तुकडा कुठं हाय?"

"जाळला."

"गुणाजी."

तिनं नुसतं नाव घेतलं. गुणाजी खाली उतरला आणि झापांच्या ढिगाखालून तो तुकडा घेऊन आला. टाकवत नव्हता त्याच्यानं. ज्या कामावर आपलं नाव गेलं ते लाकूड कोण टाकील? भागुबाईनं तो उलटासुलटा केला. काळ्या लाकडात हळद अजून पिवळी दिसत होती. तिनं ती नखानं खरवडली आणि बराच वेळ नखाकडे पाहिलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं. या सगळ्या शोधाचा मला जो आनंद झाला होता त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

मग ती उभी राहिली. म्हातारीचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ऐका रं समदे! गुणाजीचा सांधा चोख होता. मचवा मी कुजवला. माज्या हातानं, पानी ओतून ओतून." तुकडा तिनं हरेश्वरच्या दिशेनं धरला. "ह्यानं माज्यापायी सोताचं नाव घालवलं आनि तुमी घालवू दिलंत."

त्या वर्षी मुरुडला बोलावणं गेलं नाही आणि सोसायटीचा मचवा पुढे गुणाजीनंच बांधला, एवढं इथे सांगून टाकतो. पण त्या वेळी त्याचा विचार कोणाच्याच मनात नव्हता, गुणाजीच्याही नाही. भागुबाई तांब्या छातीशी धरून रडत होती आणि म्हणत होती, आता नाही ओतणार, आता कधी नाही ओतणार.

"ओता वयनी," गुणाजी म्हणाला. "म्या वाट केलीया. आता पानी लाकडात र्‍हानार न्हाय, दर्यात जाईल. दादू दर्यावरच गेला न्हवं? त्याला तिथंच पोचंल."

ती ऐकेना. तेव्हा त्यानं तिच्या हाताखाली आपला हात धरला आणि तांब्या हलकेच कलता केला. पाणी वाटीत पडलं. बाहेर नळीच्या तोंडाशी आधी एक थेंब लोंबला आणि मग बारीक धार लागली.

हरेश्वर नाळेखाली उभा होता. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून त्या धारेखाली धरली. ओंजळ भरली, वाहायला लागली, तरी तो हलेना. भरतीचं पाणी त्याच्या घोट्यांशी आलं होतं. तो खाली वाकला, ओंजळ समुद्रात सोडली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या गावासमोर, "बाबा, घे" असं म्हणून ओक्साबोक्शी रडला.